फाटकाकडे तोंड

लिफ्टकाका रिटायर झाल्याची बातमी त्यांच्या पायांपर्यंत अजून पोहोचली नव्हती. उभा जन्म बंद पडलेल्या लिफ्ट चालू करण्यात आणि दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यात गेला. आता फोन वाजत नव्हता, कोणी अडकत नव्हतं, तरी काका आपले हिंडतच होते. पूर्वी गावभर, आता घरातल्या घरात. न गळणाऱ्या नळाला पाना लावायचा. चांगलं लागणारं दार उतरवून पुन्हा बसवायचं, म्हणजे ते आधीपेक्षा थोडं कमी चांगलं लागायचं. काकू म्हणायच्या, "अहो, जरा बूड टेका." काका म्हणायचे, "आलोच," आणि जायचे.

हे 'आलोच' फार जुनं. लिफ्ट अडकल्याचा फोन आला की काका भरल्या ताटावरून उठत, चपलेत पाय सरकवता सरकवता "आलोच" म्हणत, आणि मग परत कधी येत ते लिफ्टच्या मर्जीवर असे. बाप ताटावरून उठला की त्यांची लेक चपलांकडे बघत बसायची. चपला दारातून गेल्या की मग मुकाट्याने जेवायची.

ती लेक आता दोन-अडीच तासांवरच्या दुसऱ्या गावात होती. लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे मोकळे करून द्यायचा तिचा दवाखाना होता. पूर्वी ती बसने यायची, तेव्हा मुक्काम ठरलेलाच, कारण परतीची शेवटची बस भर दुपारीच सुटायची. मग तिने बॅटरीवरची गाडी घेतली, काकांनी ती बातमी गल्लीभर वाटली, आणि मुक्काम बंद झाला. यायची ती जेवायच्या वेळेला, आणि उन्हं कलली न कलली की किल्ली हातात. "बाबा, चार्जिंग उतरलंय. वाटेत लावावं लागेल, तिथे रांग असते. निघते मी."

आणखी एक गोष्ट होती. गाडी आत घेताना ती नेहमी उलटी घ्यायची, म्हणजे गाडीचं तोंड फाटकाकडे. अडकलेल्या लिफ्टचं दार उघडलं की आतली माणसं सोडवणाऱ्याकडे बघत नाहीत, आधी जिन्याकडे बघतात. काकांनी हे आयुष्यभर पाहिलं होतं, आणि ती गाडी पाहिली की त्यांना त्या माणसांची आठवण व्हायची. हे त्यांनी काकूंनाही सांगितलं नव्हतं. पण लेक गेल्यावर ते रिकाम्या जागेत उभे राहून फाटकाची कडी उगाच लावत आणि काढत राहायचे.

एका सकाळी चहा अर्धा टाकून ते उठले आणि म्हणाले, "प्रॉब्लेम करंटचा आहे."

"कसला प्रॉब्लेम?" काकूंनी विचारलं.

"पोरगी राहत नाही त्याचा. आपल्याकडे चार्जिंगची सोय नाही. बाहेरच्या भिंतीला चार्जर बसवून टाकतो. आली की गाडी लावायची, रात्रभर चार्ज, सकाळी आरामात जायचं. सुटला प्रश्न!"

काकूंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तिला विचारा तरी एकदा."

"विचारायचं काय त्यात? विचारलं तर ती नको म्हणणार, त्रास कशाला म्हणणार. डायरेक्ट दाखवायचं."

"मी चार्जरचं म्हणत नव्हते," काकू म्हणाल्या, पण तोवर काका टेप घेऊन अंगणात पोहोचले होते.

अंगण म्हणजे काय, फाटकापासून घराच्या कडेने आत जाणारी एक लांबट पट्टी. एका बाजूला स्वयंपाकघराची भिंत, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी लेकीच्या गाडीची मागची बाजू यायची. त्याच्या पलीकडे, परसापर्यंत, काकांचा खजिना पडलेला होता: लिफ्टच्या जुन्या पुल्या, लोखंडी वजनं, तारेच्या दोरांची वेटोळी, एक अख्खं घडीचं दार. 'लागेल कधीतरी' या एका आशेवर ते सगळं तिथे गंजत पडलं होतं. काकूंना परसात कपडे वाळत घालायला जाताना कडेकडेने, पोट आत घेऊन जावं लागे.

वीज कार्यालयात जाऊन लोड वाढवून घेण्यात बऱ्याच चकरा झाल्या. काकांना त्या चकरांचं दुःख नव्हतं, उलट पायांना काम मिळालं. मग वायरमन आला. गप्पिष्ट, अंगाने भरलेला, कानामागे पेन्सिल. मीटरपासून स्वतंत्र लाइन, वेगळा ट्रिप स्विच, अर्थिंगचा खड्डा, भिंतीवर पाणी न शिरणारा डबा, सगळं ठरलं. ठरलं म्हणजे वायरमनने एक सांगायचं, काकांनी दुसरं सांगायचं आणि शेवटी दोघांनी तिसरंच करायचं.

"काका, गाडीचं चार्जिंगचं तोंड कुठल्या बाजूला?" वायरमनने विचारलं. "कंपनीकंपनीप्रमाणे वेगळं असतं. त्यावर भिंत ठरवू."

काकांनी ऐटीत फोन काढला. गाडी घेतली त्या दिवशी लेकीने पाठवलेला फोटो होता. हसरी लेक, मागे नवीकोरी गाडी, आणि तिच्या खांद्यावरून दिसणारं, मागच्या चाकाच्या वरचं उघडं झाकण. "हे बघ. मागे, उजव्या बाजूला. गाडी उलटी लागते, म्हणजे उजवी बाजू स्वयंपाकघराच्या भिंतीला. बरोबर खिडकीशेजारी."

"एकदा फोन करून विचारता का?"

"फोटो आहे ना समोर! फोटो काय खोटं बोलतो?"

मग चार्जर घ्यायला दोघं दुकानात गेले. वायरमन म्हणाला लांब वायरीचा घ्या. काकांना लोंबणाऱ्या वायरीचा जन्मजात तिटकारा. "लोळत पडते, पाय अडकतो, चाकाखाली येते. हे इथे भिंत, हे इथे झाकण, हातभर अंतर. आखूडच दे." वायरमनने खांदे उडवले आणि पेन्सिल दुसऱ्या कानामागे ठेवली.

काम चाललं असताना काका एक क्षण स्वस्थ नव्हते. ड्रिल धरायला जायचे, शिडी हलवायचे, खड्ड्यात डोकवायचे. मधेच लेकीचं कौतुक. "हिला सायकल मी एका दिवसात शिकवली बरं का. मागून सीट धरली होती, तेवढ्यात फोन आला, एक बाई लिफ्टमध्ये अडकलेली. सोडली सीट, म्हटलं 'आलोच', आणि गेलो. ही बेटी थेट गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालवत गेली! पडली नाही की रडली नाही."

"भारी," वायरमन म्हणाला. आत खिडकीशी उभ्या काकूंनी हे सत्राशे साठ वेळा ऐकलं होतं. त्यांनी खिडकी लोटून घेतली.

चार्जर बसला. जाताना वायरमनने बजावलं, "तुम्ही हट्टाने फारच हळवा स्विच लावून घेतलाय. सुरुवातीला एकदोनदा उडेल. घाबरायचं नाही, मला बोलवायचं."

लेक रविवारी येणार होती. तोपर्यंतचे दिवस काकांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. सकाळी उठून टेस्टर लावायचा. दुपारी डब्यावर पत्र्याचं छप्पर बसवलं, संध्याकाळी ते वाकडं वाटलं म्हणून काढलं, दुसऱ्या दिवशी परत बसवलं. जेवताना मधेच उठून खिडकीतून बघायचं की डबा जागेवर आहे ना. जणू त्याला पाय फुटणार होते. मनात एकच घोळत होतं. यावेळी ती 'चार्जिंग उतरलंय' म्हणेल, आणि आपण नुसतं बोटाने भिंत दाखवायची. मग ती राहील. मग तिला दुसरं काय कारण आहे जायला?

हा शेवटचा प्रश्न मनात आला की काका लगेच उठून काहीतरी घट्ट करायला जायचे.

रविवारी गाडी आली. आवाज न करता, नेहमीसारखी उलटी आत आली, तोंड फाटकाकडे. लेक उतरली. काकांनी 'कशी आहेस' विचारायच्या आधीच भिंतीकडे हात केला.

"हे काय? बाबा! हे तुम्ही माझ्यासाठी?"

"मग काय शेजाऱ्यासाठी? आता रात्रभर लाव. घाई नाही, गडबड नाही."

लेकीचा चेहरा क्षणभर असा झाला की काकांना तो वाचता येईना. आनंद होता, पण त्याच्या मागे काहीतरी चोरी पकडल्यासारखं होतं. मग ती हसली आणि झाकण उघडायला वळली. वळली ती कंपाउंडच्या बाजूला.

"अगं, तिकडे कुठे? इकडे."

"बाबा, माझं चार्जिंग डावीकडे आहे."

"असं कसं? उजवीकडे आहे!" काकांनी तावातावाने फोनमधला तो फोटो काढून तिच्यासमोर धरला. "हे बघ."

लेकीने फोटो पाहिला आणि ती खदाखदा हसत सुटली. "बाबा, हा माझा मीच काढलाय. माझ्या फोनमध्ये असा फोटो आरशासारखा उलटा येतो! बघा ना, माझा तीळ कुठल्या गालावर आहे?"

काकांनी फोटोकडे पाहिलं, मग लेकीकडे. तीळ डाव्या गालावर होता. जन्मापासून तिथेच होता. फोटोत तो उजव्या गालावर होता. इतके दिवस, दिवसातून किती वेळा, त्यांनी तो फोटो मोठा करकरून पाहिला होता, आणि त्यांना फक्त झाकण दिसलं होतं. त्यांना एकदम कानकोंडं झालं.

तरी हार मानणारे ते नव्हेत. त्यांनी वायर ओढून पाहिली, गाडीच्या मागून फिरवून पाहिली. वीतभर कमी पडली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "लांब घ्या म्हणत होता ना तो?"

"तू गप गं!"

काका फेऱ्या मारू लागले. फाटकापर्यंत, परत, पुन्हा फाटकापर्यंत. मग थांबले. "गाडी सरळ आत आणली तर डावी बाजू या भिंतीला येईल. पण मग मागचं चाक इथे यायला हवं, म्हणजे गाडी पार आत न्यायला लागेल. परसापर्यंत." आणि तिघांनीही पलीकडे पाहिलं, जिथे पुल्या, वजनं, वेटोळी आणि अख्खं दार पडलेलं होतं.

"अरे वा," काकू म्हणाल्या आणि पदर खोचून पुढे झाल्या. इतक्या वर्षांत त्यांना काकांच्या कुठल्याही चुकीचा इतका आनंद झाला नव्हता.

दुपार त्यातच गेली. लेकीने वजनं उचलताना बापाला तीन वेळा ओरडून गुडघ्यातून वाकायला लावलं. काकूंनी 'हे भंगारात' असं म्हटलं की काका त्या वस्तूचा इतिहास सांगू लागत, आणि इतिहास संपायच्या आत वस्तू फाटकाबाहेर गेलेली असे. लेक घामाघूम झाली होती, हसत होती. काका खुशीत होते. असं तिघांनी मिळून काही केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मग लेकीने गाडी बाहेर काढली आणि सरळ तोंडाने आत घेतली. काका पुढून मागे सरकत हात हलवत होते, "येऊ दे, येऊ दे, अजून ये." खिडकी मागे पडली, स्वयंपाकघर मागे पडलं, गाडी पार कपड्यांच्या दोरीखाली येऊन थांबली. आजपर्यंत ती इतकी आत कधी आली नव्हती. काका कौतुकाने तिच्या खिडकीपाशी गेले आणि वाकले.

समोरच्या स्क्रीनवर बॅटरीचं चित्र होतं. जवळजवळ पूर्ण भरलेलं. खाली आकडा होता, ऐंशी टक्के.

काकांचं आयुष्य आकडे आणि दिवे वाचण्यात गेलेलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. अडीच तास चालून आलेली गाडी अजून तशीच जाऊन परत येऊ शकली असती. आज आली असती, मागच्या वेळीही आली असती, आणि त्याच्या मागच्या वेळीही.

लेकीने स्क्रीन बंद केली, पण उशीर झाला होता.  तिचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे.

"वाटेत लावली असशील," काका म्हणाले.

"नाही, बाबा."

 काकांना तिथे उभं राहवेना. "मी जरा ते अर्थिंग बघून घेतो," ते म्हणाले आणि वळले. "आलोच."

"बाबा, थांबा. हे बघा, हेच!" ती गाडीतून उतरली. "हेच तुमचं. मी काय चार्जिंगसाठी पळते होय? मी येते तुमच्याशी बोलायला, आणि तुम्ही स्टुलावर. मागच्या वेळी दुपारभर शिडी धरून उभी होते मी. तुमच्या तळपायांशी बोलत होते. त्यापेक्षा घरी जावं वाटतं मला. तसं तोंडावर कसं सांगणार? म्हणून मग चार्जिंग."

"काम असतं गं घरात काहीतरी."

"काय काम असतं? तुम्ही ना, सगळ्यांना सायकलची गोष्ट सांगता. एका दिवसात शिकली, पडली नाही. मी बोलत होते, बाबा. मागे न बघता तुमच्याशी बोलत होते. कोपऱ्यापर्यंत बोलत गेले. वळले, तर मागे कोणी नाही."

काका उभे राहिले. हातातला टेस्टर त्यांनी या खिशातून त्या खिशात घातला. "एक बाई अडकली होती," ते हळू म्हणाले. "म्हातारी होती. घाबरली होती."

"माहितीये मला. दर वेळी खरंच कोणीतरी अडकलेलं असायचं. तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत. खोटं मी बोलले."

काकांना रडू आलं नाही, कारण ते कसं आणायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्यांना लाज वाटली. त्या कोपऱ्यावर सायकल धरून उभी असलेली पोर त्यांना आज पहिल्यांदा दिसली. इतकी वर्षं त्या गोष्टीत त्यांना फक्त सायकल दिसत होती.

"काय बोलत होतीस?" त्यांनी विचारलं.

"आता कुठे आठवतंय. असंच, शाळेतलं काहीतरी."

मग तिनेच वायर घेतली आणि गाडीला लावली. आता ती व्यवस्थित पुरत होती. भिंतीवरचा हिरवा दिवा लागला. भरलेल्या बॅटरीला कशाला चार्जिंग, असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही.

आत काकूंनी टेबलावर मटाराचा ढीग ओतला होता. त्यांनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं आणि काहीच न ऐकल्यासारखा चेहरा केला होता, जे त्यांना उत्तम जमायचं. "बसा. हातांना काम देते," त्या काकांना म्हणाल्या. काका बसले. खुर्चीच्या अगदी कडेला, पण बसले. लेक दवाखान्यातलं सांगू लागली. एक आजोबा येतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, व्यायाम म्हटला की त्यांना नेमका चष्मा सापडत नाही. परवा तिने त्यांच्यासाठी दोरी आणून तो चष्मा त्यांच्या गळ्यातच बांधला.

काका ऐकत होते. टेबलाखाली त्यांचा पाय उडत होता.

"हा गुडघा असा कधीपासून हलतोय?" लेकीने विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून," काकू म्हणाल्या. "मला वाटलं होतं थांबेल."

काका हसले. एक शेंग सोलली, दुसरी सोलली. बाहेर उन्हं कलली होती. ही ती वेळ होती, किल्लीची. किल्ली टेबलावर, मटाराच्या टरफलांशेजारी पडली होती. काकांचा जीव त्या किल्लीत अडकला होता. ते तिच्याकडे बघायचं टाळत होते आणि टाळता येत नव्हतं.

तेवढ्यात बाहेर 'खट्' झालं. खिडकीतून दिसणारा हिरवा उजेड विझला.

स्विच उडाला होता. काकांना आवाजावरूनच कळलं. हात आपोआप खिशातल्या टेस्टरकडे गेला, खुर्ची मागे सरकली, काका अर्धे उठले. "आलो..."

 लेक बोलता बोलता थांबली. तिची नजर दाराकडे गेली होती, काकांच्या चपलांवर.

काका तसेच वाकून उभे राहिले. ना धड उठलेले, ना धड बसलेले. पाय जायला निघालेले होते, त्यांना मागे बोलवायचं होतं. बंद पडलेली लिफ्ट हाताने ओढून मजल्याला आणतानाही त्यांना कधी इतका जोर लागला नव्हता. मग ते खाली बसले, यावेळी खुर्चीभर.

"सकाळी बघू," ते म्हणाले.

काकूंच्या हातातली शेंग ताटलीत पडली. लेकीने वडिलांकडे पाहिलं. "आणि चार्जिंग?"

"ऐंशी आहे की," काका म्हणाले.

ती हसली. हसता हसता तिने डोळ्यांना हात लावला, आणि किल्ली उचलून टरफलांच्या पलीकडे सरकवली. काकांनी पुढची शेंग हातात घेतली. गुडघा अजून हलत होता.

"हं, मग?" ते म्हणाले. "चष्मा बांधल्यावर काय म्हणाले ते आजोबा?"